धुळ्याहून जैसलमेर: स्वतःची गाडी ठरवून मेवाड-मारवाड कसं फिरायचं

खान्देशातून राजस्थानला जाणारे दोन प्रकारचे. एक, टूरवाल्याच्या बसमध्ये नाव टाकून मोकळे होणारे. दुसरे, गावातलीच गाडी ठरवून दोन-तीन घरं मिळून निघणारे. हा लेख दुसऱ्यांसाठी आहे. चितोड, उदयपूर, कुंभलगड, राणकपूर, जोधपूर आणि शेवटी जैसलमेर असा हा रस्ता आहे. सातपुडा ओलांडायचा, अरवली चढायची आणि थरच्या वाळूत उतरायचं. दहा दिवस, नऊ मुक्काम, फिरून घरी येईपर्यंत साधारण पावणेतीन हजार किलोमीटर.

एवढ्या मोठ्या प्रवासात भांडणं होतात ती ठरलेल्या कारणांवरून: ड्रायव्हरची झोप झालेली नाही, हिशोब आधी बोललेला नाही आणि एका दिवसात तीन गावं कोंबलेली आहेत. म्हणून किल्ल्यांआधी गाडीचं बोलू.

गाडी आणि ड्रायव्हर

सहा जणांपर्यंत अर्टिगा किंवा इनोव्हा. दहाच्या वर गेलात की टेम्पो ट्रॅव्हलर. आपल्याकडे लग्नाला, वणीच्या गडाला क्रूझर करायची सवय आहे आणि भाव कमी पडतो म्हणून इथेही कोणीतरी क्रूझरच सुचवतं. नका ऐकू. मागच्या आडव्या बाकांवर बसून चाळीसगावपर्यंत जाता येतं, जैसलमेरपर्यंत नाही. तिसऱ्या दिवशी मागच्या सीटवरून घरात वाद सुरू होतो.

गाडी टी-परमिटचीच हवी, म्हणजे पिवळ्या पाटीची. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते, पण भाड्याने चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि परराज्यात अडवली तर सगळे रस्त्यावर. ऑल इंडिया टूरिस्ट परमिट आहे का ते कागद बघूनच ठरवा. २०२३ च्या नियमांप्रमाणे हे परमिट असलेल्या गाडीला प्रत्येक राज्याचा कर वेगळा भरावा लागत नाही. परमिट नसेल तर मध्य प्रदेश आणि राजस्थान दोन्हींचा भरावा लागतो आणि तो खर्च शेवटी तुमच्याच अंगावर येतो. येताना गुजरातमधून आलात तर तिसराही.

आता दर. किलोमीटरचा भाव सगळे विचारतात, पण खरी मेख रोजच्या किमान किलोमीटरची असते. बाहेरगावच्या भाड्याला बहुतेक गाडीवाले दिवसाला २५० किंवा ३०० किलोमीटर धरतात. ३०० धरले तर दहा दिवसांचे ३००० झाले, गाडी २७५० फिरली तरी पैसे ३००० चेच. हे एकदा कळलं की उदयपुरात गाडी उभी ठेवून रिक्षाने फिरताना जीव तुटत नाही, आणि वाटेत थोडा वळसा घालून एखादं देऊळ बघताना ‘किलोमीटर वाढतील’ म्हणून कोणी कुरकुरत नाही.

दुसरी मेख दिवस मोजण्याची. रात्री अकराला निघालात तर तो तास पूर्ण दिवस म्हणून लागू शकतो. त्यापेक्षा पहाटे चारला निघा. किलोमीटर गाडीवाल्याच्या दारापासून मोजणार की तुमच्या, टोल कोणाच्या फास्टॅगवर, पार्किंग कोणाचं, ड्रायव्हरचा भत्ता दिवसाला किती, घाटात एसी चालू राहणार का, या पाच गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून त्याच्याकडून ‘हो’ घ्या. तोंडी बोलणं नाशिकपर्यंत ठीक असतं.

ड्रायव्हर राजस्थानात आधी जाऊन आलेला असेल तर थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही. त्याच्या झोपण्याची सोय मात्र तुम्हीच बघायची. हॉटेल ठरवताना ड्रायव्हरला खोली किंवा कॉट आहे का ते विचारा. गाडीतच झोपणारा माणूस थंडीत रात्रभर कुडकुडतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्टिअरिंगवर डुलक्या घेतो. बारा-पंधरा जणांची ट्रॅव्हलर असेल तर पहिल्या आणि शेवटच्या लांब टप्प्यासाठी दोन ड्रायव्हर मागा. नियम एकच ठेवा, अंधार पडल्यावर मारवाडात गाडी पळवायची नाही. रस्ते सरळ आणि गुळगुळीत आहेत, त्यामुळे वेग आपोआप वाढतो आणि मधेच नीलगाय, मोकाट गाय नाहीतर उंट आडवा उभा असतो.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही दिवाळीचा आठवडा टाळा, कारण तेव्हा सगळा गुजरात उदयपूर आणि जैसलमेरला उतरलेला असतो. नाताळ ते १ जानेवारी भाव अंगावर येतात. आपल्याकडे कापसाची वेचणी उरकलेली असते, संक्रांत झालेली असते, तेव्हापासून महाशिवरात्रीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. माघी पौर्णिमेच्या सुमारास जैसलमेरला मरु महोत्सव असतो. तो बघायचा असेल तर खोली खूप आधी धरून ठेवा आणि बघायचा नसेल तर ती तारीख चुकवा.

‘जळगावचं ऊन सोसतो, आम्हाला काय होतंय’ म्हणत मे महिन्यात जाणारे भेटतात. आकडा सारखाच असेल, पण तिथल्या लू बरोबर वाळू येते आणि सावलीला झाड नसतं. उलट हिवाळ्यात लोक थंडीला कमी लेखतात. वाळू दिवसा तापते तशी रात्री झटक्यात निवते. स्वेटरबरोबर कानटोपी आणि पायमोजे घ्याच.

पहिला दिवस: धुळे ते चितोड

साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, थांबे धरून अकरा-बारा तास. जळगावकरांनी धुळ्याला यायची गरज नाही, चोपड्यावरून शिरपूरला महामार्ग गाठा. नंदुरबार-शहाद्याच्या लोकांना खेतिया, पानसेमलवरून सेंधवा सोयीचं.

शिरपूर, पळासनेर, मग बिजासन घाट चढून सेंधवा. घाटातल्या बिजासनी मातेला नारळ फोडल्याशिवाय आपल्याकडचे ड्रायव्हर पुढे जात नाहीत, ती पंधरा मिनिटं धरूनच चाला. खलघाटला नर्मदा ओलांडली, धामणोद गेलं की इंदूरच्या गर्दीत शिरायचं नाही. मानपूरहून डावीकडे लेबडचा रस्ता घ्या. लेबड, बदनावर, रतलाम, जावरा, मंदसौर, नीमच, नयागाव, निंबाहेडा असं सरळ चितोड. लेबडपासून पुढे चौपदरी आहे. इंदूर टाळल्याने निदान दीड तास वाचतो.

रतलामला जेवा. ज्या गावाची शेव देशभर जाते तिथे शेव-टमाटरची भाजी मागवून आपल्या शेवभाजीशी ताडून बघायचा मोह कोणालाही होईल. (आपली सरस. वाद नको.) मंदसौर ते चितोड या पट्ट्यात जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीत रस्त्याकडेला पांढऱ्या फुलांची शेतं दिसतात. ती अफूची, सरकारी परवान्यावर लावलेली. फोटो रस्त्यावरूनच काढा, शेतात शिरू नका आणि धाब्यावर कोणी हळूच काही पुढे केलं तर हात लावू नका. या भागात नाकाबंदी कडक असते.

चितोडला पोचायला संध्याकाळ होते. जेवून झोपा.

चितोड आणि उदयपूर

चितोडगड पायी बघायचा किल्ला नाही. वरचा फेरा तेरा किलोमीटरचा आहे आणि आपली गाडी थेट वर जाते. सकाळी लवकर वर जा आणि इथे गाइड घ्या, सगळ्या सहलीत पैसे सर्वांत वसूल होतात ते इथेच. पर्यटन खात्याचं ओळखपत्र गळ्यात आहे का बघा, हिंदीत सांगणारा घ्या, पैसे आधी ठरवा आणि गाडीत बसवतानाच सांगून टाका की शोरूमला थांबायचं नाही. हे शेवटचं वाक्य प्रत्येक गावी वापरायचं. साडीच्या, दगडाच्या, रजईच्या दुकानात गेलेला एक तास तुमच्या किल्ल्यातूनच कापला जातो.

राणा कुंभाने उभारलेला विजयस्तंभ नऊ मजली, ३७ मीटर उंच आहे. पण गाइडकडून समजून घ्यायचे ते तीन वेढे: १३०३ चा अलाउद्दीन खिलजीचा, १५३५ चा गुजरातच्या बहादूरशहाचा आणि १५६७-६८ चा अकबराचा. अकबराचं नाव आपल्याकडेही निघतंच. चितोडनंतर तेहतीस-चौतीस वर्षांनी, १६०१ मध्ये, त्याने असीरगड घेतला आणि खान्देशची फारुकी सत्ता संपली. हा धागा डोक्यात असला की चितोडच्या दरवाजातून वर जाताना ही गोष्ट परक्या मुलखाची वाटत नाही.

दुपारी उदयपूरकडे निघा, सव्वाशे किलोमीटरही नाही. वाटेत मंडफियाला सांवलिया सेठचं मंदिर थोडं आत आहे. घरात कोणी ना कोणी ‘इथवर आलोच आहोत’ म्हणणारच, तेव्हा तास-दीड तास राखून ठेवा.

उदयपुरात एकच व्यवहाराची गोष्ट. पिछोला तलावाच्या काठावरची हॉटेलं फोटोत सुंदर दिसतात, पण जगदीश मंदिराभोवतीच्या गल्ल्यांत ट्रॅव्हलर शिरत नाही. सामान रिक्षात टाकून न्यावं लागतं. म्हातारी माणसं बरोबर असतील तर फतेहसागरच्या बाजूला, गाडी दारापर्यंत जाईल असं हॉटेल घ्या. एक पूर्ण दिवस इथे द्या आणि त्या दिवशी ड्रायव्हरला सुट्टी द्या. सिटी पॅलेस सकाळी, तलावातली नावेची फेरी संध्याकाळी. बाकीचं ज्याला जे रुचेल ते.

अरवलीतला दीड दिवस

इथे क्रम चुकवणारे सगळ्यात जास्त. उदयपूरहून सकाळी निघून कुंभलगड, राणकपूर उरकून रात्री जोधपूर, असं टूरवाले एका दिवसात बसवतात. तीनशे किलोमीटर होतात, त्यात घाट. किल्ला धावत बघितला जातो आणि शेवटचे दोन तास अंधारात जातात.

त्यापेक्षा असं करा. उदयपूरहून नाथद्वाराला जा. श्रीनाथजींचं दर्शन दिवसभर खुलं नसतं, दिवसात आठ वेळा पडदा उघडतो आणि मधे दरवाजे बंद. आदल्या रात्री हॉटेलवाल्याला दुसऱ्या दिवसाच्या वेळा विचारून ठेवा. तिथून दुपारी जेवून कुंभलगड. ऊन कलायला लागलं की किल्ला चढा. चढ दमवणारा आहे आणि वर गाडी जात नाही, तेव्हा गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी खालच्या देवळांपाशी थांबलेलं बरं. तिथूनही तटबंदी छान दिसते. ही तटबंदी ३६ किलोमीटर लांब सांगतात. महाराणा प्रतापांचा जन्म इथलाच, १५४० चा. आपल्याकडे शिरपूर, शिंदखेडा, दोंडाईच्याच्या राजपूत घरांतून मेवाडचं नाव अजून निघतं, त्यामुळे खान्देशातली मंडळी इथे हमखास रेंगाळतात. अंधार पडल्यावर किल्ल्यावर दिव्यांचा आणि निवेदनाचा कार्यक्रम असतो. मुक्काम जवळच करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाई नाही, कारण राणकपूरचं जैन मंदिर पर्यटकांसाठी दुपारी बारानंतरच उघडतं. सकाळचा वेळ पूजेचा. दहाला निघालात की सायऱ्यावरून जंगलाचा अरुंद घाट उतरत बरोबर वेळेवर पोचता. पन्नास किलोमीटरच आहेत, पण दीड-दोन तास धरा. चामड्याचा पट्टा, पाकीट, पर्स गाडीतच ठेवा. अंगभर कपडे हवेत. गाइड लागत नाही, कानाला लावायचं ध्वनियंत्र मिळतं, ते घ्या. १४४४ खांब आहेत असं सांगतात. मोजत बसू नका. मधल्या मंडपात पाच मिनिटं एका जागी उभं राहून, खांबांच्या ओळींतून ऊन कसं सरकतं तेवढं बघा.

सादडी, पाली करत जोधपूर. पालीच्या पुढे ओम बन्नांचं, म्हणजे मोटरसायकलच्या अपघातात गेलेल्या एका तरुणाचं, देवस्थान लागतं. काचेच्या पेटीत बुलेट मोटरसायकल आणि तिच्यापुढे हात जोडलेली माणसं. ड्रायव्हर थांबणारच. थांबू द्या, उतरून पायही मोकळे होतात.

जोधपूर

मेहरानगड सकाळी नऊच्या सुमाराला गाठा. खडकावरून सरळ उठलेला हा किल्ला राव जोधाने १४५९ मध्ये बांधायला घेतला. आत तिकीट काढून वर जाणारी लिफ्ट आहे, वयस्कर लोकांना सांगून ठेवा, नाहीतर ते खालीच बसून राहतात. इथेही हिंदीतलं ध्वनियंत्र उत्तम आहे. उमेद भवन हा राजवाडा बाहेरून बघून पुढे चला. एवढं लक्षात ठेवा की १९२९ साली तो बांधायला काढला तो दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून.

घंटाघराजवळ मिरची वडा खा. नंदुरबारच्या मिरचीवर वाढलेल्या माणसाला तो सौम्यच लागेल. मथानियाची लाल मिरची मात्र घरी न्यायला घ्या, रंग सुरेख येतो.

खाण्याचं इथेच सांगून टाकतो. दाल-बाटी ही आपल्या वरण-बट्टीची सख्खी बहीण, फक्त इकडे बट्टी उकडून मग तळत नाहीत, थेट निखाऱ्यावर भाजतात. त्यामुळे जेवणाची आबाळ होत नाही. तरी चौथ्या-पाचव्या दिवशी तूप आणि बेसनाचा कंटाळा येतो. त्यासाठी शेंगदाण्याची चटणी, ठेचा, बिबडे आणि पहिल्या दोन दिवसांच्या दशम्या बरोबर हव्यात. कळण्याचं पीठ नेऊन हॉटेलात भाकरी करून मागणारे बहाद्दरही आहेत. जमलं तर बघा.

वाळवंट

जोधपूर ते जैसलमेर सरळ गेलात तर २८५ किलोमीटर. सकाळी सातला निघालात तर ओसियांवरून जा. थोडा वळसा पडतो, पण वाळूतली ती जुनी देवळं आणि सच्चियाय मातेचा डोंगर त्या वळशाच्या लायक आहे. पुढे फलोदी, रामदेवरा, पोखरण. हिरवं हळूहळू संपत जातं. पाणी जोधपुरातूनच भरून घ्या आणि डिझेलची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.

जैसलमेरचा किल्ला ११५६ चा, रावळ जैसलने वसवलेला आणि आजही आत माणसं राहतात. किल्ल्याच्या आत हॉटेलं आहेत, लोक हौसेने तिथे उतरतात. माझं मत विचाराल तर खालीच राहा. आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वी कोरड्या डोंगरावर उभ्या केलेल्या या किल्ल्यात आज रोज नळाचं पाणी ओतलं जातंय. ते मुरून पाया आणि बुरूज खचतायत. शिवाय तुमची गाडी आत जातच नाही. सकाळी किल्ला आणि जैन मंदिरं, मग पटव्यांची हवेली आणि दुपारी वाळूकडे.

तंबूच्या मुक्कामाला दोन जागा आहेत. सम, शहरापासून चाळीसेक किलोमीटर, आणि खुडी, त्याहून थोडं पुढे दुसऱ्या दिशेला. सममध्ये ओळीने कॅम्प, मोठ्या टेकड्या, नाच-गाणं आणि पुष्कळदा रात्री डीजे. पोरंटोरं बरोबर असतील तर त्यांना तेच आवडेल. शांतता हवी असेल तर खुडी.

कॅम्प आधीच ठरवून, थोडी रक्कम भरून जा. समच्या रस्त्यावर मोटरसायकलवरचे दलाल गाडीला गाडी लावून ‘साहेब, सस्ता कॅम्प’ करत पाठलाग करतात. तिकडे त्यांना लपके म्हणतात. काच खाली करू नका, ड्रायव्हरलाही बजावून ठेवा, कारण कमिशन त्याच्याही खिशात पडू शकतं. कॅम्पवाल्याला आधीच विचारायच्या गोष्टी: उंटावरून किती वेळ फिरवणार, जीपची फेरी त्यातच धरली आहे की वेगळी, तंबूला जोडून गरम पाण्याचं बाथरूम आहे का, पांघरुणं किती, आणि जेवण लसूण-कांदा न खाणाऱ्यांना चालेल का. चार वाजेपर्यंत पोचाच, नाहीतर सूर्यास्त रस्त्यातच होतो.

उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, माणूस पुढे फेकला जातो. तेव्हा मागे रेलून बसा. बसताना तो पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही मागेच रेलायचं. पाठीचं ऑपरेशन झालेल्यांनी, मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी उंटगाडी घ्यावी. जीपची फेरी टेकड्यांवरून उसळत जाते, गरोदर बाई आणि लहान बाळाला त्यात बसवू नका. वाळूत चप्पल निरुपयोगी ठरते, बूट भरतात, अनवाणी चाला. मोबाइलला प्लास्टिकची पिशवी.

पहाटे उठायची घाई करू नका. तो मुलूख आपल्यापेक्षा बराच पश्चिमेला आहे, जानेवारीत सूर्य साडेसातच्या सुमाराला उगवतो.

आणखी एक दिवस हाताशी असेल तर रामगडवरून तनोट आणि लोंगेवाला. तनोट साधारण १२० किलोमीटर. १९६५ च्या युद्धात तिथल्या तनोट मातेच्या मंदिराभोवती पडलेले तोफगोळे फुटले नाहीत असं सांगतात, देखभाल सीमा सुरक्षा दल करतं. मंदिरापर्यंत परवाना लागत नाही, पण त्यापुढे सीमेच्या बाजूला जायचं तर लागतो. मूळ आधारकार्ड प्रत्येकाच्या खिशात हवं. सीमेवर तणाव असला की रस्ता बंदही होतो, म्हणून आदल्या दिवशी हॉटेलात चौकशी करा. लोंगेवालाला ४ आणि ५ डिसेंबर १९७१ ची लढाई झाली, निकामी झालेले पाकिस्तानी रणगाडे तिथे ठेवलेत.

परतीचा रस्ता

आलात त्याच रस्त्याने परत येणं म्हणजे बाराशे किलोमीटर आणि तेच तेच. बाडमेर, सांचोर, अहमदाबाद, वडोदरा असं आलात तर अडीचशेच्या आसपास किलोमीटर वाचतात. पहिला मुक्काम मेहसाणा किंवा अहमदाबादला, दुसऱ्या दिवशी वडोदऱ्याहून राजपीपळा, डेडियापाडा, सागबारा, अक्कलकुवा करत घरी. नंदुरबारकरांना तर हा रस्ता दारातूनच जातो. गुजरातेत दारूबंदी आहे, तेव्हा जैसलमेरहून कोणी भेट म्हणून बाटली घेतली असेल तर ती डिकीत लपवून सीमा ओलांडायचा विचार करू नका. गाडी जप्त झाली तर ड्रायव्हरही तिथेच अडकतो.

मध्य प्रदेशातूनच परतणार असाल तर मानपूरहून धामणोदला उतरताना गणपती घाट लागतो. ब्रेक निकामी झालेल्या मालट्रकांमुळे तिथला जुना उतार बदनाम होता. दिवसाउजेडी उतरा, गिअर खालचा ठेवा आणि ट्रकच्या पुढे अडकून राहू नका.

निघताना आणि दारात पोचल्यावर मीटरचा फोटो काढा. टोलचा हिशोब चिठ्ठ्यांवरून न करता फास्टॅगच्या खात्यातून काढून घ्या. ड्रायव्हरचा भत्ता मालकाच्या हाती न देता थेट त्याच्याच हातात द्या आणि मालकाला तसं कळवून टाका.